मादाम द्यु कुद्रे : बाहुलीवर बाळंतपण शिकवणारी शिक्षिका

आपण वर्गात शैक्षणिक साहित्य वापरतो. १८व्या शतकात फ्रान्सच्या मादाम द्यु कुद्रे यांनी ते सुईणींसाठी बनवलं.

त्या स्वतः शिकलेल्या सुईण होत्या. खेड्यात बाई अडली की शिकाऊ सुईणीची चूक थेट आई-बाळाच्या जिवावर बेतायची. म्हणून त्यांनी कापड आणि चामडं शिवून आईचं कंबर-पोट आणि बाळाची बाहुली तयार केली. अक्षरओळख नसलेल्या बायकाही हाताने आडवं बाळ फिरवायला शिकल्या. १७५९ मध्ये राजा पंधराव्या लुईने त्यांना गावोगाव शिकवायला नेमलं. सुमारे २५ वर्षं फिरून त्यांनी हजारो सुईणी घडवल्या. १७९४ मध्ये त्या वारल्या.

आपल्या वर्धा जिल्ह्यातही नर्सिंगच्या मुली आधी पुतळ्यावर सराव करतात. चूक तिथेच होऊ द्यावी, आईवर नको.