सावल्यांचा अर्थ लावणारा बालवैद्य

क्ष-किरणांचा शोध लागला ते साल १८९५. त्याच वर्षी ३० मार्च रोजी अमेरिकेतील युटामध्ये, कॅसल गेट या कोळसा खाणींच्या गावी डॉ. जॉन कॅफी यांचा जन्म झाला. मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी १९१९ मध्ये घेतल्यावर त्यांनी महायुद्धाने होरपळलेल्या पूर्व युरोपात मदतकार्य केले. मायदेशी परतून ते न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये बालरोगतज्ज्ञ झाले. तेथील क्ष-किरण विभाग त्यांच्याकडे आला, तेव्हा या शास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. कदाचित तेच पथ्यावर पडले!

तान्ह्या मुलांच्या छातीच्या चित्रात थायमस ग्रंथीची सावली मोठी दिसते. त्या काळी तो आजार समजून ग्रंथीवर किरणांचा मारा केला जाई. ही सावली निरोगी बाळातही असतेच, असे कॅफी आग्रहाने मांडत राहिले. अशा उपचारांचा थायरॉइडच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५० च्या सुमारास पुढे आला.

तरुण सहकारी डॉ. विल्यम सिल्व्हरमन यांच्यासह १९४५ मध्ये त्यांनी एका दुर्मीळ आजाराचे वर्णन केले. अवघ्या काही महिन्यांचे बाळ तापाने किरकिरते, जबडा सुजतो. क्ष-किरण चित्रात जबडा, गळपट्टीचे हाड आणि बरगड्यांवर नव्या हाडाचे जाड थर दिसतात. संशय जंतुसंसर्गाचा, उपदंशाचा, गाठीचाही येतो. प्रत्यक्षात जंतू सापडत नाहीत आणि बहुतेक मुले दोनेक वर्षांची होईतो आपोआप बरी होतात. या 'कॅफी आजारा'मागील कोलॅजनच्या जनुकातील बदल २००५ मध्ये उजेडात आला. मात्र, २००९ मध्ये नोंदल्या गेलेल्या 'डिरा' या जन्मजात स्वयंदाहक आजारातही हाडांवर असेच थर चढतात. तेथे वाट पाहणे जिवावर बेतू शकते. दाह रोखणारे औषध तातडीने द्यावे लागते. त्यामुळे अंगावर पुवाचे फोड आहेत का, हे चित्राबरोबरच पाहावे लागते.

मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेल्या सहा बालकांच्या हातापायांच्या हाडांत मिळून २३ अस्थिभंग असल्याचे कॅफी यांनी १९४६ मध्ये दाखवले. घरातच मुलांना होणाऱ्या मारहाणीकडे वैद्यकाचे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते.

'पेडिअ‍ॅट्रिक एक्स-रे डायग्नोसिस' हा त्यांचा ग्रंथ १९४५ चाच. पुढे अनेक आवृत्त्यांतून तो जगभरच्या बालरुग्णालयांत पोहोचला. न्यूयॉर्कमधून निवृत्त झाल्यावर ते पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात गेले आणि १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे काम करीत राहिले.