श्रद्धा आणि व्यवस्थापन : पंडिता रमाबाईंचा धडा

धर्मसंस्थांचा कारभार कंपनीच्या काटेकोरपणाने चालावा, हा विचार अलीकडे वारंवार मांडला जातो. तो नवा नव्हे. शिरूर-दौंडच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात पंडिता रमाबाईंनी तो शतकापूर्वीच आचरणात आणला. त्याच्या मर्यादाही त्यांच्याच चरित्रात दिसतात.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचा गौरव केला. १८८२ मध्ये वैधव्य आले आणि १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या अमेरिकेतील व्याख्यानांमुळे १८८७ साली बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. दहा वर्षांच्या साहाय्याचे अभिवचन, देखरेखीसाठी मंडळ आणि छापील वार्षिक अहवाल अशी त्याची शिस्तबद्ध रचना होती. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास आले.

परंतु तेथे धार्मिक तटस्थता पाळली जात नाही, असा आक्षेप उठला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पैशाचा हिशेब अहवालात मांडता येतो. विश्वासाचा हिशेब त्यात मावत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांचे पोट केवळ करुणेने भरत नसते. विहिरी खोदल्या गेल्या. शेती, गोठा, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम व छापखाना अशी श्रमविभागणी झाली. मूळ हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे आश्रमातील स्त्रियांनीच जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संस्था मात्र टिकली.

मुक्तिसदन देणग्यांवाचून चालत नव्हते, आणि त्यातील धर्मप्रचाराविषयीचा मतभेदही मिटलेला नाही. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट निर्विवाद आहे. तेथील कार्यक्षमतेचे माप शिल्लक रकमेत नव्हते, तर हातात कसब आलेल्या निराश्रित स्त्रीत होते. आज देवस्थानांत दर्शनाच्या रांगा जलद सरकतात, दानपेटीची मोजणी यंत्रे करतात. हे सारे योग्यच. पण ही शिस्त कोणासाठी, याचे उत्तर कोणताही व्यवस्थापनतज्ज्ञ देऊ शकणार नाही. ते विश्वस्तांनीच दिले पाहिजे.