जिम कॉर्बेट

एडवर्ड जेम्स ऊर्फ जिम कॉर्बेट (२५ जुलै १८७५, नैनिताल – १९ एप्रिल १९५५, न्येरी, केनिया) हे ब्रिटिश भारतातील शिकारी, निसर्ग-अभ्यासक व लेखक होते. कुमाऊं व गढवाल भागांतील नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या शिकारीसाठी ते ओळखले जातात. शिकाऱ्यांच्या निष्काळजीपणावर त्यांनी केलेली टीका आणि त्या टीकेतून स्वतःलाही न वगळण्याची त्यांची वृत्ती मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली आहे.

पूर्वायुष्य

कॉर्बेट यांचे वडील नैनितालचे पोस्टमास्तर होते. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले. कुटुंब हिवाळ्यात पायथ्याच्या कालाढुंगी येथे राहत असे व तेथील जंगलातच जिम यांचे शिक्षण खऱ्या अर्थाने झाले. त्यांना भेट मिळालेली पहिली बंदूक दोन नळ्यांची, ठासणीची व जुनी होती. तिची उजवी नळी फुटलेली असल्याने केवळ डावीच वापरता येई. एक बार उडाल्यावर पुन्हा ठासण्यास वेळ लागत असे. त्यामुळे नेम पक्का झाल्याशिवाय चाप ओढणे परवडणारे नव्हते. पुढे मोकामेह घाट येथे रेल्वेच्या मालाच्या चढ-उताराचे काम त्यांनी सुमारे वीस वर्षे केले.

चंपावतची वाघीण

४३६ माणसांचा बळी घेतल्याची नोंद असलेल्या या वाघिणीची कामगिरी १९०७ मध्ये स्वीकारताना कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या. सरकारी बक्षीस रद्द करावे आणि आधी नेमलेले शिकारी व अल्मोड्याचे सैनिक परत बोलवावेत. बक्षिसासाठी शिकार करणाऱ्यांत आपली गणना व्हावी, हे त्यांना नको होते. शिवाय त्याच जंगलात इतर बंदूकधारी वावरत असताना चुकून त्यांची गोळी लागण्याचा धोका वाघिणीइतकाच खरा होता.

हाक्याच्या वेळी त्यांनी स्वतः मात्र तीनच काडतुसे बरोबर घेतली होती. ती संपली तेव्हा जखमी वाघीण समोर होती. त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक आणली. झाडण्याच्या क्षणी तिच्या नळ्या व मागचा ठोकळा यांमध्ये फट असल्याचे दिसले. ती गोळी वाघिणीच्या पंजाला लागली. मृत्यू आला तो आधीच्या गोळ्यांनी. दुसऱ्याची बंदूक न तपासता हाती घेण्यातला आणि मोजकी काडतुसे नेण्यातला धोका या प्रसंगात एकत्र आला होता, आणि कॉर्बेट यांनी तो लपवला नाही.

मृत वाघिणीचे उजवीकडचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. हे जुन्या गोळीचे परिणाम होते व त्यामुळे नेहमीचे सावज मारणे तिला अशक्य झाले होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. वाघ नरभक्षक होण्यामागे बहुतेक वेळा जखम असते आणि त्यांतील अनेक जखमा बेफिकिरीने झाडलेल्या गोळीच्या असतात, हे मत त्यांनी पुढे ठामपणे मांडले. जखमी जनावराचा माग काढून ते संपवण्याची जबाबदारी टाळणारा शिकारी त्यांच्या लेखी गावकऱ्यांचा अपराधी होता. मात्र साळिंदराच्या काट्यांनी जायबंदी झालेल्या मुक्तेश्वरच्या वाघिणीसारखी उदाहरणे देऊन, दोष सरसकट बंदुकीवर टाकण्याचेही त्यांनी टाळले.

चौगढची चूक

१९२९ मध्ये चौगढच्या नरभक्षक वाघिणीचा माग काढताना तिचे जवळजवळ पूर्ण वाढलेले पिल्लूही बरोबर होते. दोघे एकत्र दिसले तेव्हा उत्तेजित अवस्थेत कॉर्बेट यांनी वाघिणीऐवजी पिल्लालाच गोळी घातली. सावज ओळखण्यातील या चुकीमुळे पुढील बारा महिन्यांत परिसरातील १५ जणांचे प्राण गेले, हा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला आहे. ११ एप्रिल १९३० रोजी अखेर ती वाघीण मारली गेली. त्या क्षणी त्यांच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती आणि रायफल एका हाताने हळूहळू वळवावी लागली. वाचकांना हा थरारच अधिक आठवतो.

उत्तरायुष्य

त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कार्यालयाने प्रसिद्ध केले. उतारवयात त्यांचा ओढा शिकारीपेक्षा कॅमेऱ्याकडे अधिक होता. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानाच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. १९४७ मध्ये बहीण मॅगी यांच्यासह ते केनियात स्थायिक झाले. त्यांच्या मृत्यूनंतर या उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले.