करार, वतन आणि राजीनामा : बाबासाहेबांच्या जीवनातील एक सूत्र

आपल्या आश्रमशाळेत प्रवेश घेताना पालक एका अर्जावर सही करतात किंवा अंगठा उठवितात. पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज येतो, वसतिगृहाचे हमीपत्र येते, नोकरीचा करारनामा येतो. शासनाशी येणारा आपला संबंध बहुधा अशा कागदांतूनच सुरू होतो. या कागदावर सही करताना मनुष्य आपल्या स्वातंत्र्याचा काही भाग देऊन टाकतो काय? आणि देत असेल, तर तो किती द्यावा व कोठे थांबावे? परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्राकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर त्यांच्या जीवनातील एक फारसे न बोलले जाणारे सूत्र हाती लागते. त्यांनी राज्यसत्तेशी अनेकदा करार केले, पदे स्वीकारली, आणि प्रसंग येताच ती सोडलीही. परंतु स्वत्व मात्र त्यांनी कोणत्याही कागदावर लिहून दिले नाही.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. लष्करी सेवा हाही सरकारशी केलेला एक करारच; परंतु त्या कराराने या घराण्याला अक्षरओळख, नियमितपणा आणि गावगाड्याबाहेरचे जग दिले. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या प्रयत्नाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण पुरे झाले. पदवीनंतर, १९१३ च्या जानेवारीत, ते बडोदा संस्थानच्या नोकरीत दाखल झाले. परंतु वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना तातडीने मुंबईस परतावे लागले आणि २ फेब्रुवारीला सुभेदारांचे निधन झाले.

त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. ४ जून १९१३ रोजी बडोद्यास भीमरावांनी करारनाम्यावर सही केली. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर संस्थानची दहा वर्षे सेवा करावयाची, अशा त्यातील अटी होत्या. बावीस वर्षांच्या तरुणाने आपल्या आयुष्याची दहा वर्षे लिहून दिली, असेही याचे वर्णन करता येईल. परंतु या कराराची जातकुळी नीट पाहिली पाहिजे. सही करणारा सज्ञान होता, अटी त्याला ठाऊक होत्या, मुदत ठरलेली होती आणि बदल्यात मिळणारे दान अमोल होते. त्या तीन वर्षांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एम.ए.ची पदवी घेतली, पीएच.डी.चा प्रबंध सिद्ध केला, आणि ज्या समाजात मनुष्य म्हणून वागविले जाते त्या समाजाचा अनुभव घेतला. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना परतावे लागले.

दिलेला शब्द पाळण्यासाठी ते सप्टेंबरमध्ये बडोद्यास गेले. पुढे काय घडले हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. शहरात त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर दुरून कागद टाकीत. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. परंतु अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. संस्थानच्या दिवाणांकडेही राहण्याची सोय झाली नाही. एका बागेत झाडाखाली बसून या विद्वानाने अश्रू ढाळले आणि तो मुंबईस परतला. दहा वर्षांचा करार काही आठवड्यांतच संपुष्टात आला. पुढे संस्थानच्या दप्तराने शिष्यवृत्तीच्या रकमेचा तगादाही लावला.

येथे करार कोणी मोडला? कागदाच्या भाषेत तो बाबासाहेबांनी मोडला. परंतु करार दोन पक्षांचा असतो. जे राज्य एखाद्याची सेवा मागते, त्या राज्याच्या राजधानीत त्या सेवकाला माणूस म्हणून राहता आले पाहिजे, ही न लिहिलेली अट प्रत्येक करारात असतेच. राजाची इच्छा उदार होती, हे बाबासाहेब कधी विसरले नाहीत. सयाजीरावांविषयी त्यांची कृतज्ञता अखेरपर्यंत टिकली. परंतु एका व्यक्तीच्या औदार्याने समाजाचे नियम बदलत नाहीत, हा धडा त्यांना बडोद्याने दिला.

यानंतर १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ही सरकारी नोकरी होती. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले, तेव्हा सरकारी नोकर असल्यामुळे बाबासाहेबांना संपादक म्हणून आपले नाव घालता आले नाही. पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव घातले गेले. मुक्यांचा नायक बोलू लागला, पण त्याला आपले नाव सांगण्याची मुभा नव्हती. सरकारी वेतनाची किंमत कशी मोजावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. या वेळी त्यांनी सेवेचा कोणताही करार केला नाही. बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतल्यावर त्यांनी वकिलीचा स्वतंत्र व्यवसाय पत्करला. या व्यवसायात प्रारंभी उत्पन्न तुटपुंजे होते, अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार वळत नसत. तरीही सरकारी न्यायाधीशपदाचा मोह त्यांनी टाळला. समाजाचे काम करणाऱ्याची भाकर दुसऱ्याच्या हातात असू नये, अशी त्यांची दृढ धारणा झाली होती.

याच अनुभवांतून त्यांची दृष्टी आपल्या समाजाच्या फार जुन्या एका कराराकडे वळली. तो करार म्हणजे महार वतन. गावच्या महारांना हाडकी-हाडवळ्याची थोडीशी जमीन, घरोघरचे बलुते आणि सरकारकडून नाममात्र मुशाहिरा मिळत असे. त्याच्या मोबदल्यात सरकारी निरोप पोचविणे, साऱ्याचा भरणा तालुक्यास नेताना सोबत करणे, गावची हद्द दाखविणे, अंमलदारांच्या दिमतीस राहणे, अशी कामे रात्रंदिवस करावी लागत. कामाला वेळ नव्हती, कामांची यादी नव्हती. वतनदार गैरहजर असेल तर त्याच्या घरातील माणसाला वेठीस धरले जाई. १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला सरकारी मान्यता होती. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचे तुकडे होत गेले, परंतु चाकरीचे तुकडे झाले नाहीत.

वतनाला लोक हक्क समजत, मान समजत. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ पत्रातून आणि सभांतून दाखवून दिले की हा हक्क नसून गळफास आहे. बडोद्याचा करार आणि हे वतन यांतील भेद येथे स्पष्ट होतो. बडोद्याच्या करारावर सही करणाऱ्याने स्वतः सही केली होती. वतनाच्या करारावर मुलाची सही त्याच्या जन्माआधीच झालेली असे. बडोद्याच्या कराराला मुदत होती. वतनाला अंत नव्हता. तेथून मनुष्य निघून येऊ शकला. येथे बाहेर पडण्याचे दार कायद्याने जवळजवळ बंद केले होते. ज्या करारातून बाहेर पडता येत नाही तो करार नव्हे, ते दास्य होय.

१९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्या वतनदाराला चाकरी नको असेल त्याने पूर्ण आकार भरून जमीन राखावी व सेवेतून मुक्त व्हावे, बलुत्याचे रूपांतर रोख कराच्या रूपात करता यावे, आणि करावयाच्या कामांना मर्यादा असावी, असा त्याचा आशय होता. त्यांनी फुकट काही मागितले नव्हते. इतर शेतकऱ्यांप्रमाणे पूर्ण सारा भरू, पण माणसे म्हणून मोकळे राहू, एवढीच ती मागणी होती. विधेयकाला अपेक्षित रूप मिळत नाही असे दिसल्यावर १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. परंतु प्रश्न सोडला नाही. १९३९ च्या डिसेंबरात अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे भरलेल्या वतनदार परिषदेत, वतनी जमिनींवर वाढविलेल्या जुडीविरुद्ध त्यांनी सरकारला खडसावले. ही वतने कायद्याने नष्ट झाली ती त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने.

या विधेयकासंबंधी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बाबासाहेब त्या कौन्सिलात निवडून आलेले नव्हते; गव्हर्नरांनी त्यांची नेमणूक केली होती. तरीही १९२७ च्या आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात त्यांनी लहान शेतकऱ्यावरील साऱ्याच्या अन्यायाबद्दल सरकारवर टीका केली. सायमन कमिशनला साहाय्य करणाऱ्या प्रांतिक समितीचे सदस्यत्व घेतले, पण समितीचे मत पटले नाही तेव्हा १९२९ च्या मे महिन्यात स्वतःचा स्वतंत्र अहवाल सादर केला. नेमणूक स्वीकारली म्हणून जीभ गहाण पडत नाही, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

सर्वच करार मोकळ्या मनाने होत नाहीत, याचा दाहक अनुभवही त्यांना आला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यास पुणे करारावर त्यांनी सही केली, तेव्हा एकीकडे महात्मा गांधींचे प्राण पणास लागले होते आणि दुसरीकडे खेड्यापाड्यांतील अस्पृश्यांवर सूड उगविला जाण्याचे भय होते. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, परंतु स्वतंत्र मतदारसंघ गेले. दबावाखाली केलेल्या सहीचे मोल काय, हा प्रश्न त्यांना पुढेही सलत राहिला आणि आपल्या ग्रंथांतून त्यांनी त्या कराराची कठोर चिकित्सा केली. तथापि सही केली होती म्हणून त्याच करारान्वये निवडणुका लढविल्या.

१९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याबद्दल त्यांच्यावर कडवट टीका झाली. परंतु पद हाती येताच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन त्यांनी व्हाइसरॉयपुढे ठेवले. त्यातूनच अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची वाट मोकळी झाली. ज्याने स्वतः करारावर सही करून समुद्र ओलांडला, त्याने पुढील पिढीसाठी नाव तयार ठेवली.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात ते काँग्रेसचे सभासद नसताना विधिमंत्री झाले आणि संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षही. १९४९ च्या नोव्हेंबरात, संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी देशाला जो इशारा दिला त्याचा आशय आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे : कृतज्ञतेलाही सीमा असते, आणि थोरातल्या थोर पुरुषाच्या चरणीही आपले स्वातंत्र्य वाहू नये. हिंदू कोड बिल मागे पडले, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. निवेदनाची प्रत आधी दिल्याशिवाय ते संसदेत करता येणार नाही असे सांगण्यात आले, तेव्हा ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिले. नाव लपवून ‘मूकनायक’ चालविणारा प्राध्यापक आणि मंत्रिपद सोडून बाहेर पडणारा विधिमंत्री यांच्यामध्ये एकतीस वर्षांची वाटचाल आहे.

अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. पंचशील हीसुद्धा स्वेच्छेने पत्करलेली बांधिलकी आहे. ती आज्ञा नव्हे. ती ज्याची त्याने, समजून उमजून, स्वतःशी केलेली प्रतिज्ञा आहे. जो स्वतःवर स्वतःचे राज्य करू शकतो, त्यालाच दुसऱ्याशी करार करताना आपली सीमा कळते.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्हीही सह्या कराल. शिष्यवृत्ती घ्या, नोकरी घ्या, शासनाचे साहाय्य हा तुमचा अधिकार आहे. त्यात कमीपणा नाही. परंतु सहीपूर्वी कागद वाचा. मुदत किती, काम कोणते, बाहेर पडण्याचे दार कोठे, हे पाहा. दिलेला शब्द पाळा, उपकार स्मरा. पण जो कागद तुमचे नाव, तुमची वाणी किंवा तुमच्या मुलांचे भविष्य मागेल, त्यावर लेखणी टेकवू नका. आपल्या आजोबा-पणजोबांनी वतनाचा कागद फाडला म्हणून आपण आज या शाळेच्या बाकावर बसलो आहोत.