थंडाव्याचे मोल जाणणारा सादी कार्नो

निजामी अमदानीत उर्दू-फारसी शिकलेल्या मराठवाड्यातील जुन्या पिढीला शीराजचा कवी शेख सादी परका नव्हता. त्याच कवीचे नाव मिळालेला एक फ्रेंच लष्करी अभियंता मात्र आपल्याकडे पाठ्यपुस्तकातील एका सूत्रापुरता उरला आहे. वस्तुतः पालम परिसरात इंजिनाने पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याशीही त्याचे नाते आहे.

सादी कार्नोचा जन्म १७९६ साली पॅरिसमध्ये झाला. वडील लाझार हे गणिती व क्रांतिकाळातील सेनासंघटक. नेपोलियनच्या पाडावानंतर ते हद्दपार झाले आणि १८२३ साली परमुलखातच वारले. मुलाचाही लष्करात उत्कर्ष झाला नाही. अर्ध्या वेतनावर राहून तो वाफेच्या यंत्रांच्या अभ्यासात रमला.

ती यंत्रे खाणींतले पाणी उपसत होती. परंतु मणभर कोळशातून अधिकात अधिक किती काम निघेल, हे ती घडविणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. कार्नोने १८२४ च्या आपल्या लहानशा ग्रंथात त्याचे उत्तर दिले. पाणी उंचावरून खाली पडते तेव्हाच चाक फिरते. तद्वतच उष्णता तप्त स्थानाकडून थंड स्थानाकडे जाते तेव्हाच यंत्र काम करते. कामाची कमाल मर्यादा या दोन तापमानांवरून ठरते. मग आत वाफ असो वा हवा. उष्णता हा अविनाशी द्रव आहे ही त्याची तेव्हाची समजूत चुकीची होती. सिद्धांत मात्र टिकला.

ग्रंथाची दखल जवळजवळ कोणीच घेतली नाही. १८३२ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी, पटकीने त्याचा बळी घेतला. पुढे क्लापेरॉनने तो विचार उजेडात आणला, केल्व्हिन व क्लाउझियस यांनी त्यावर उष्मागतिकीचा दुसरा नियम उभारला. १८७८ साली भावाने उरलीसुरली टिपणे छापली, तेव्हा कळले की द्रवाची कल्पना कार्नोने स्वतःच टाकून दिली होती आणि उष्णता व कार्य यांचे प्रमाणही जूलच्या आधी काढले होते!

त्याचा सिद्धांत आपल्या दाराशी आला तो २०१३ च्या दुष्काळात. परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद पडले ते कोळशाअभावी नव्हे. वाफ निववायला गोदावरीवरील खडका बंधाऱ्यात पाणी नव्हते. केंद्राची जागा ठरविताना भट्टीइतकाच विचार थंडाव्याचाही व्हायला हवा होता. त्या बंधाऱ्याखाली हीच गंगा गंगाखेडवरून पालमकडे येते. परळीच्या मनोऱ्यांतून वाफ होऊन उडालेले पाणी तिच्यात नसते.