प्राणायाम मोजून पाहणारे स्वामी

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक ठरलेला प्रश्न ऐकू येऊ लागतो. मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, पाठांतर टिकत नाही, तेव्हा कोणते आसन किंवा कोणता प्राणायाम करायला लावू, असे आई-वडील विचारतात. मागे एका वडिलांनी मुलाला चक्कर येते म्हणून आणले होते. विचारपूस केल्यावर कळले की मुलगा रोज पहाटे चारला उठून रिकाम्या पोटी शीर्षासन आणि मग भराभर कपालभाती करत होता. मेंदूला जास्त रक्त आणि जास्त ऑक्सिजन मिळावा, हा त्यामागचा हेतू. झोपायला मात्र रोज रात्रीचा एक वाजत होता.

अशा वेळी मला स्वामी कुवलयानंदांची आठवण येते. योगावर अपार श्रद्धा असूनही, हा मेंदूच्या ऑक्सिजनचा हिशेब त्यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत तपासायला घेतला होता.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी, बडोद्याजवळच्या डभोई इथे. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण कष्टाने झालेले. तरीही १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्या काळी ही शिष्यवृत्ती म्हणजे मोठाच मान होता. पुढे बडोद्याच्या कॉलेजात शिकत असताना अरविंद घोषांचा प्रभाव त्यांच्यावर पडला, टिळकांच्या राजकारणाचेही आकर्षण होते. देशसेवेसाठी आजन्म अविवाहित राहण्याचा निश्चय त्यांनी तरुणपणीच केला.

बडोद्यातच राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत १९०७ ते १९१० या काळात ते व्यायाम शिकले. पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षक म्हणून काम केले, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. मुलांना शिकवणे, त्यांची शरीरे कमावणे आणि मन स्थिर करणे ही कामे त्यांच्या लेखी वेगवेगळी नव्हती.

१९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसर इथे परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. आलेल्या अनुभवांनी ते भारावून गेले. इथे दुसरा एखादा साधक मठ उभारून शिष्य जमवत बसला असता. गुणे मात्र रुग्णालयात गेले. शरीरात हे नेमके काय घडते, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते.

बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात १९२० च्या सुमारास त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला. नौली म्हणजे पोटाचे मधले स्नायू वेगळे काढून घुसळणे. या क्रियेत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले. योगी बस्तीच्या वेळी पाणी आत कसे ओढून घेतात, याचे साधे भौतिक उत्तर त्यातून मिळाले. या पोकळीला त्यांनी गुरूंचे नाव दिले. गुरूवरची भक्ती आणि मोजमापाची शिस्त एकाच माणसात किती सहज नांदू शकते, ते इथे दिसते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही निघाले. त्यात काटेकोर शास्त्रीय लेखांचा विभाग वेगळा आणि सामान्य वाचकांसाठीचा वेगळा ठेवला होता. प्रयोगाने सिद्ध झालेले काय आणि परंपरेने सांगितलेले काय, यांची सरमिसळ होऊ नये, ही काळजी त्यामागे होती. आजच्या मोबाइलवरच्या आरोग्य-संदेशांत नेमकी हीच काळजी दिसत नाही.

आता त्या ऑक्सिजनच्या हिशेबाकडे येऊ. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि म्हणून बुद्धी तल्लख होते, असा समज तेव्हाही होता. स्वामीजींनी श्वासातल्या वायूंचे मोजमाप केले. संथ प्राणायामात शरीर घेते तो ऑक्सिजन नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त नसून उलट कमीच असतो, असे त्यांना आढळले. प्राणायामाच्या प्रचाराला वाहिलेल्या माणसासाठी हा निष्कर्ष सोयीचा नव्हता, तरी त्यांनी तो छापला. प्राणायामाचा खरा उपयोग श्वसनाला आणि मज्जासंस्थेला वळण लावण्यात आहे, अशी त्यांची भूमिका होती.

आजचे वैद्यकशास्त्र त्यात थोडी भर घालते. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजनचे प्रमाण मुळातच ९५ ते १०० टक्के असते. खोल श्वास घेऊन त्यात फारसे काही वाढत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा शरीर स्वतःच स्थिर राखते, डोके खाली केले म्हणून बुद्धीला जादा रक्त मिळत नाही. भराभर श्वास घेतल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तपुरवठा घटतो. त्या मुलाच्या चकरेचे एक कारण हे होते.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कोवूर बेहनन हा अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा भारतीय संशोधक लोणावळ्याला येऊन स्वामीजींकडे योग शिकला. परत गेल्यावर त्याने स्वतःवरच प्रयोग केले. प्राणायामाआधी आणि नंतर बेरजा करणे, रंग ओळखणे, सांकेतिक लिपी सोडवणे अशा चाचण्या त्याने दिल्या. प्राणायामानंतर लगेच त्याचा वेग मंदावलेला आढळला, मन मात्र शांत वाटत होते. १९३७ मध्ये त्याने हे सारे पुस्तकात मांडले. एकाच माणसावरच्या प्रयोगातून नियम काढता येत नाही. पण शांतपणा आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पेपरला जाण्यापूर्वी दारात उभे राहून प्राणायाम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

स्वामीजींचे काम पुढे वाढत गेले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. १९३६ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ योगोपचाराचे केंद्र सुरू झाले. शाळांमधून मुलांना एकत्र करता येतील असे यौगिक व्यायाम त्यांनी बसवले, शारीरिक शिक्षणाच्या सरकारी समित्यांवरही काम केले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. लोणावळ्याची संस्था आजही चालू आहे.

मग अभ्यासासाठी प्राणायामाचा उपयोग नाहीच का? आहे. पातंजल योगातही प्राणायामाचे फळ मन धारणेला, म्हणजे एका जागी टिकायला, योग्य होणे हेच सांगितले आहे. संथ, लांब उच्छ्वास केला की हृदयाची गती उतरते, धडधड आणि घालमेल कमी होते. घाबरलेल्या मुलाला पुस्तकासमोर बसते करायला एवढे पुरेसे असते. वाचलेले पक्के करण्याचे काम मात्र झोपेत होते, आणि तिला पर्याय कोणत्याही परंपरेत नाही.

म्हणून त्या वडिलांना मी सांगितले ते असे. शीर्षासन आणि जोरकस कपालभाती परीक्षा होईपर्यंत बंद. सकाळी थोडी सूर्यनमस्कारांची हालचाल, मग न्याहारी. अभ्यासाला बसण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ ताठ ठेवून, श्वास न कोंडता, सावकाश घेणे-सोडणे. रात्री निदान सात-आठ तास झोप. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या मुलांनी यातले काहीही डॉक्टरांना विचारूनच करावे.

पंधरा दिवसांनी मुलगा पुन्हा आला तेव्हा चक्कर थांबली होती. श्वासामुळे थांबली की झोपेमुळे, असे वडिलांनी विचारले. दोन्ही बदल एकदमच केल्याने ते सांगता येणार नाही, असे मी म्हणालो. स्वामीजींनी बहुधा एकेक बदल करून, वहीत नोंद ठेवायला सांगितले असते.