योझेफ फॉन फ्राउनहोफर

योझेफ फॉन फ्राउनहोफर (६ मार्च १७८७ – ७ जून १८२६) हे बव्हेरियातील काचतज्ज्ञ, भिंगकार व भौतिकशास्त्रज्ञ होते. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांना त्यांचे नाव दिलेले असून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते प्रामुख्याने त्यामुळेच परिचित असतात. या रेषा मात्र त्यांना निर्दोष काचेचा शोध घेत असताना सापडल्या. उघड्यावर राहिलेली काच कालांतराने निस्तेज का होते आणि त्या वेळी तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे काय होते, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. त्यांच्या कार्याचा हा भाग तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

== बालपण व उमेदवारी ==

फ्राउनहोफर यांचा जन्म श्ट्राउबिंग या गावी झाला. वडील काचकामाचे कारागीर होते आणि योझेफ हे त्यांचे अकरावे व सर्वांत धाकटे अपत्य. १७९७ मध्ये आई व १७९८ मध्ये वडील निवर्तल्याने अकराव्या वर्षी ते पोरके झाले. पालकांनी त्यांना म्युनिक येथील दरबारी आरसेकार वाइक्सेलबर्गर यांच्याकडे सहा वर्षांच्या बिनपगारी उमेदवारीवर ठेवले. मुलाने वाचन करावे हे या मालकाला पसंत नव्हते; रविवारच्या शाळेत जाण्यासही त्यांची आडकाठी होती.

२१ जुलै १८०१ रोजी वाइक्सेलबर्गर यांचे घर कोसळले. मालकाची पत्नी त्यात दगावली. चौदा वर्षांचे योझेफ ढिगाऱ्याखाली अडकले होते. कित्येक तासांच्या खटपटीनंतर त्यांना जिवंत बाहेर काढण्यात आले. बव्हेरियाचे इलेक्टर (पुढे राजे) माक्सिमिलियन योझेफ हे त्या ठिकाणी स्वतः उपस्थित होते. त्यांनी मुलाला १८ डुकाट ही नाणी बक्षीस दिली, आणि उट्झश्नायडर या उद्योजक अधिकाऱ्याने त्याला गणित व प्रकाशशास्त्राची पुस्तके पुरवली. या पैशांतून योझेफ यांनी काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उमेदवारीचा उरलेला काळ मालकाकडून सोडवून घेतला. चरित्रकार हा प्रसंग चमत्कारासारखा रंगवून सांगतात. त्यानंतरही काही वर्षे त्यांना आरसेकामावरच गुजराण करावी लागली, हे मात्र बहुधा सांगायचे राहून जाते.

== बेनेडिक्टबॉयर्न ==

१८०६ मध्ये फ्राउनहोफर रायखेनबाख, उट्झश्नायडर व लीबहेर यांच्या म्युनिक येथील उपकरण-निर्मिती संस्थेत दाखल झाले. संस्थेचा भिंगविभाग पुढच्याच वर्षी बेनेडिक्टबॉयर्न येथील जुन्या मठात हलवण्यात आला. सरकारने धार्मिक मठ खालसा केल्यानंतर ही इमारत उट्झश्नायडर यांनी विकत घेतली होती. ग्विनाँ हे स्विस कारागीर तेथे काच वितळवण्याचे काम पाहत. वितळलेली काच सतत ढवळून एकजीव करण्याची युक्ती त्यांना साधली होती. फ्राउनहोफर यांनी ही विद्या त्यांच्याकडून आत्मसात केली आणि १८११ पासून भट्टीचे काम स्वतःच्या हाती घेतले. दोघांचे पटले नाही. १८१४ मध्ये ग्विनाँ संस्था सोडून गेले.

त्या काळी दुर्बिणीसाठी चांगली काच मिळणे अत्यंत दुर्मीळ होते. रंगदोष टाळण्याकरिता दुर्बिणीचे वस्तुभिंग क्राउन काच व शिसेयुक्त फ्लिंट काच अशा दोन भिंगांचे मिळून करतात. फ्लिंट काचेत शिसे तळाशी बसे आणि काचेत धाग्यांसारख्या शिरा उमटत. अशा शिरांमुळे प्रकाशकिरण वाटेतच भलतीकडे वळतात व प्रतिमा विस्कटते. फ्राउनहोफर यांनी हा दोष पुष्कळ अंशी दूर केला आणि प्रत्येक ओतातील काचेचा अपवर्तनांक मोजण्याची शिस्त घालून दिली. काचेची प्रत यापुढे कारागिराच्या नजरेवर नव्हे, तर मोजमापावर ठरू लागली.

== काचेचे मळणे व क्षरण ==

काच वितळवणे साधले तरी ती टिकवणे हा वेगळाच प्रश्न होता. गुळगुळीत घासलेले भिंग काही वर्षांत धूसर होई. यात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. धूळ, काजळी, बोटांचा तेलकटपणा हा वरून बसलेला मळ होय. तो प्रकाश शोषतो किंवा इतस्ततः विखुरतो आणि पुसला की जातो. कंदिलाची काजळलेली काच पुसल्यावर खोलीतील उजेड कसा वाढतो, हे जुन्या पिढीतील वाचकांना सांगायला नको. क्षरण मात्र काचेच्या अंगातच होते. हवेतील ओलाव्यामुळे काचेतील पोटॅश किंवा सोडा यांसारखे अल्कली घटक पृष्ठभागातून निसटतात आणि मागे सिलिकाचे प्रमाण अधिक असलेला पातळ थर उरतो. तो पुसून जात नाही. हे फार वाढले तर पृष्ठभाग खडबडीत व अपारदर्शक होतो.

१८१७ मध्ये फ्राउनहोफर यांनी काच झाकोळण्याची व निस्तेज होण्याची कारणे आणि त्यावरील उपाय यांविषयी एक टिपण लिहिले. निसर्गात वर्षानुवर्षे चालणारी ही क्रिया लवकर घडवून आणण्यासाठी त्यांनी घासलेल्या काचा तीव्र सल्फ्युरिक किंवा नायट्रिक आम्लात चोवीस तास ठेवल्या. कोणती काच हवेत टिकेल व कोणती लवकर बिघडेल, हे अशा चाचणीने आधीच कळावे असा त्यांचा हेतू होता. काही काचांवर आम्लाने तेजस्वी रंग उमटले. साबणाच्या फुग्यावर किंवा ओल्या रस्त्यावरील तेलाच्या तवंगावर दिसतात तसे हे रंग होते. अल्कोहोलचा पातळ थर काचेवरून उडून जात असतानाही तसेच रंग दिसतात, हे ताडून पाहून त्यांनी असा निष्कर्ष काढला की काचेवर तिच्याहून वेगळ्या अपवर्तनांकाचा एक पातळ पारदर्शक थर तयार झाला आहे.

याच वेळी त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. पृष्ठभागाचा जो भाग आम्लाने बदलला होता, त्यावरून होणारे परावर्तन न बदललेल्या भागापेक्षा कमी होते. ही गोष्ट अपेक्षेच्या अगदी उलट होती, कारण काच झाकोळली म्हणजे प्रकाश अडणार असेच कोणालाही वाटते. स्वच्छ काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. फ्लिंट काचेवरून त्याहून थोडा अधिक. दोन भिंगांच्या वस्तुभिंगाला चार पृष्ठभाग असतात, म्हणजे प्रकाशाचा सहावा हिस्सा किंवा थोडा अधिक केवळ परावर्तनातच वाया जातो. क्षरणाने झालेल्या थराचा अपवर्तनांक हवा व काच यांच्या दरम्यानचा असतो. त्याची जाडी त्यातील प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक-चतुर्थांश, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असली, तर थराच्या दोन्ही बाजूंनी परतणारे तरंग एकमेकांना बऱ्याच अंशी नाहीसे करतात. वाचलेला प्रकाश काचेतून पार जातो. थर याहून पुष्कळ वाढून ओबडधोबड झाला की मात्र हा लाभ संपतो व नुकसान सुरू होते.

आज कॅमेऱ्याच्या व चष्म्याच्या भिंगांवर जे परावर्तनरोधक लेप देतात, त्यांचा पहिला नमुना या प्रयोगात घडला असे म्हणता येते. परंतु त्यातून लेप देण्याची रीत निघाली नाही. भट्टीची कृती तर संस्थेचे व्यापारी गुपितच होते. प्रस्तुत टिपण, लेखकाच्या मृत्यूनंतर बासष्ट वर्षांनी, १८८८ साली म्युनिक येथे निघालेल्या त्यांच्या संकलित लेखनात छापलेले आढळते. दरम्यान १८८६ मध्ये इंग्लंडात लॉर्ड रॅले यांनी जुन्या काचेचे परावर्तन ताज्या घासलेल्या काचेहून कमी असल्याचे नोंदवले. दुर्बिणीच्या जुन्या फ्लिंट भिंगावरील झाकोळ हा निरीक्षकाचा शत्रू नसून मित्र आहे, असा दिलासा डेनिस टेलर यांनी १८९१ मध्ये दुर्बीणधारकांना दिला. रसायनांनी तो मुद्दाम आणण्याचे एकस्वही त्यांनी १९०४ मध्ये घेतले. निर्वातात लेप चढवण्याची खात्रीची पद्धत १९३५ च्या सुमारास स्माकुला यांनी साधली. एकच गोष्ट इतक्या जणांना पुन्हा पुन्हा शोधावी लागली, यात गुपिताचा वाटा किती आणि उपेक्षेचा किती, हे ठरवणे कठीण आहे.

== वर्णपटातील काळ्या रेषा ==

अपवर्तनांक अचूक मोजायचा तर वर्णपटात रंगाची ठरावीक खूण हवी. ती शोधताना १८१४ मध्ये फ्राउनहोफर यांनी अरुंद फटीतून आलेला सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून पाहिला आणि त्यांना असंख्य काळ्या रेषा दिसल्या. वोलास्टन यांनी १८०२ मध्ये अशा मोजक्या रेषा पाहिल्या होत्या, पण त्यांना रंगांच्या सीमा समजून ते पुढे गेले. फ्राउनहोफर यांनी ५७४ रेषा मोजल्या व ठळक रेषांना रोमन अक्षरांची नावे दिली. काचेच्या दोषांशी आयुष्यभर झगडणाऱ्या या माणसाने प्रथम हा दोष काचेचा तर नाही ना, हेच तपासले. लोलक बदलले तरी रेषा त्याच रंगात राहिल्या. शुक्राच्या प्रकाशात त्या तशाच होत्या. व्याधाच्या ताऱ्यात मात्र वेगळ्या होत्या. या रेषांचा अर्थ किर्खोफ व बुन्सन यांनी १८५९ मध्ये लावला. १८२१ पासून फ्राउनहोफर यांनी प्रथम बारीक तारांची व नंतर काचेवर हिऱ्याने रेघा ओढून विवर्तन जालके तयार केली आणि प्रकाशाची तरंगलांबी मोजली.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात भारतातून दिसलेली पिवळी रेषा फ्राउनहोफर यांच्या डी रेषांजवळ होती, म्हणून तिला पुढे डी-३ म्हटले गेले. हीलियमचा माग त्यातून लागला. या शोधासाठी लॉकियर हे विजयदुर्गावर आले होते असे कोकणात सांगितले जाते. वस्तुतः १८६८ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे इंग्लंडातून केली; विजयदुर्गावर ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी आले होते.

== अखेरची वर्षे ==

औपचारिक शिक्षण नसल्यामुळे म्युनिकच्या विज्ञान अकादमीत त्यांच्या प्रवेशाला काही विद्वानांनी विरोध केला. एरलांगेन विद्यापीठाने १८२२ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि १८२४ मध्ये राजाने सरदारकी बहाल केली. नावातील फॉन तेव्हापासूनचे. त्याच वर्षी त्यांनी डोर्पाट (आताचे एस्टोनियातील टार्टू) येथील वेधशाळेसाठी सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाच्या वस्तुभिंगाची दुर्बीण पूर्ण केली. तिच्या साहाय्याने स्ट्रूव्ह यांनी तीन हजारांहून अधिक जोडताऱ्यांची यादी तयार केली. बेसेल यांनी १८३८ मध्ये ताऱ्याचे अंतर ज्या हेलिओमीटरने मोजले, तोही याच कारखान्यातला.

फ्राउनहोफर अविवाहित होते. भट्टीची धग आणि शिशाच्या वाफा यांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. क्षयाने वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी वारलेले त्यांचे सहकारी रायखेनबाख यांच्या शेजारीच, शहराच्या जुन्या दक्षिण दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.